फुलकारीतला हिरवा ठिपका

ता. ३ नोव्हेंबर १९१३, सोमवार

धाकटा भाऊ सकाळच्या गाडीने लाहोरला परत गेला. जाताना ट्रंकभर फुलकाऱ्या ठेवून गेला. पंजाबातल्या बायका जाड्याभरड्या लाल कापडावर रेशमाने भरतात, त्या ओढण्या. जुन्या आहेत. आजीने नातीच्या लग्नासाठी भरायला घ्यायची, अशी तिकडची रीत. सर्वांत मोठीवर खालचे कापड दिसतसुद्धा नाही, सगळीकडे पिवळ्या चौकड्या. तिला ते लोक 'बाग' म्हणतात.

निश्चय: दिवाणखाना या फुलकाऱ्यांनी सजवायचा. कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या भिंतीवर हरणाची शिंगे, नाहीतर देवांच्या तसबिरी. आपल्याकडे टेस्ट नाही. ती मी आणणार.

बागेच्या एका कोपऱ्यात एकच चौकडी हिरवी आहे. भाऊ म्हणाला ती चूक नव्हे. काम निर्दोष झाले की दृष्ट लागते, म्हणून भरणारी मुद्दाम एक खोट ठेवते. "तेवढीला हात लावू नकोस हं, आक्का." रेल्वेत इंजिने चालवणाऱ्या खात्यात नोकरी करतो आणि हे बोलतो! मी पुण्याला कॉलेजात लॉजिक शिकले, तेव्हा हा अंगणात भोवरा फिरवत होता. अजून फिरवतोच आहे म्हणायचे.

स्वयंपाकपाणी बघणाऱ्या चिमणाबाईची मुलगी तानाबाई आज बाळंतपणाला आली. सासर हातकणंगल्याला. गेल्या साली तिचे मूल पोटातच गेले. चिमणाबाई फार काळजीत आहे. मी तिला शब्द दिला, की माझ्या घरात काही वाईट होणार नाही, इथे उजेड आहे, स्वच्छता आहे, सायन्स आहे. ती म्हणाली, "व्हय बाई. पर तेवढं दार लावा, मांजार येतंय."

ता. ५ नोव्हेंबर, बुधवार

आकाराम सुतार दांडे बसवायला आला. विचारतो, "बाई, गोधड्या भिताडाला लावायच्या व्हय? मग पांघरायचं काय?" त्याला कला म्हणजे काय ते सविस्तर समजावले. तो "व्हय की" म्हणाला आणि दांडा तिरका बसवून गेला.

ता. ८ नोव्हेंबर, शनिवार

फुलकाऱ्या लागल्या. खोलीभर लालपिवळा उजेड. मधोमध खुर्ची टाकून बसले. प्रसन्न वाटले. फक्त भिंत आपल्याकडे बघते आहे, असे थोडेसे वाटते. म्हणजे कलाकृती परिणामकारक आहे.

तानाला बाग फार आवडली. पोटावर हात ठेवून खाली बसून राहिली. चिमणाबाईने नेमकी हिरवी चौकडी हेरली. म्हणाली, "कोन का असंना, शानी बाई व्हती. दिष्टीचा ठिपका ठेवलाय बघ. ताने, तू हितंच बसत जा, हिच्याखाली."

म्हणजे मी टेस्ट आणायची आणि यांनी त्यात ताईत शोधायचा! अशा समजुती भाषणाने जात नाहीत. प्रयोगाने जातात. सोमवारी दोघींदेखत ती हिरवी चौकडी उसवणार. हे मी तानासाठी करते आहे. आईच्या मनात भीती नसली की मूल धट्टेकट्टे होते.

ता. १० नोव्हेंबर, सोमवार

प्रयोग झाला. कात्री माझी, हात माझा. ताना डोळे मोठे करून बघत होती. चिमणाबाई एवढेच म्हणाली, "का वो बाई? ते काय मागत व्हतं का तुमच्याकडं?"

शेवटचा धागा ओढून विचारले, "बघा. काय झालं?" काहीच झाले नव्हते. घड्याळ चालू होते. कावळा ओरडला, पण कावळे ओरडतातच.

मग तिथे पिवळी चौकडी भरली. रेशीम आमच्या गल्लीतल्या दस्तगीर पटवेकऱ्याच्या बायकोकडून, सुगराकडून आणले होते. ती माणसे दागिने गाठवतात, त्यामुळे त्यांच्याकडे हरतऱ्हेचे रेशीम असते. शाळेत मी एवढी वर्षे मुलींचे शिवण तपासले. स्वतः सुई धरायची वेळ क्वचित आली, पण जिला तपासता येते तिला करता येतेच. काम उत्तम झाले. नवी चौकडी किंचित मोठी आणि एका अंगाला कललेली दिसते. उजेड तिकडून येतो, म्हणून.

ता. १३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बागेचा दांडा पडला.

ताना नुकतीच तिथून पाणी प्यायला उठली होती. जिथे तिची मान टेकलेली असते, नेमका तिथे पडला.

मी किंचाळले नाही. चिमणाबाई म्हणते किंचाळलात. तो आवाज दांड्याचा.

आकारामला बोलावून खडसावले आणि दांडा पुन्हा बसवून घेतला. म्हणाला, "मी म्हनलं व्हतं न्हवं, गोधड्या जड असत्यात." कारण स्पष्ट आहे, दांडा तिरका होता. दुसरे कारण असूच शकत नाही. मात्र सोमवारपर्यंत तिरकाच असून तो पडला नव्हता, या मुद्द्याकडे आकारामने लक्ष दिले नाही. मीही दिलेले नाही.

ता. १४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाणखान्याच्या दाराला चिमणाबाईने लिंबू-मिरची बांधली. मी तत्काळ काढून टाकली. घरात डिसिप्लिन हवे.

जेवणानंतर परत बांधली. लिंबाच्या वासाने डास येत नाहीत असे कुठेतरी वाचले आहे. गाठ बसेना. चिमणाबाईने पाहिले, पुढे होऊन गाठ मारून दिली आणि म्हणाली, "हात का वो कापतोय?" म्हटले, थंडी पडली आहे. तिने आल्याचा काढा आणून दिला आणि मी पिऊन संपवीपर्यंत समोर उभी राहिली. या बायकांना थंडीचासुद्धा बाऊ करायची सवय.

ता. १७ नोव्हेंबर, सोमवार

बाग झटकून व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत घातली होती. इतक्यात फाटकाशी अंधार झाला. वर पाहिले तर माणूस होता. तालमीत पंजाबातून आलेला पैलवान, आणि त्याच्या काखेखाली मावेल एवढा दस्तगीर पटवेकरी. दस्तगीर म्हणाला, "बाई, ह्यो रस्त्यानं चालला व्हता. ही चादर बघून थांबलाय. हालंचना."

पैलवानाने बागेला हात लावून तो कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी. आईच्या घरी अशीच होती, असे काहीतरी म्हणाला. मग कोपऱ्यातल्या माझ्या चौकडीवर त्याची नजर गेली. वाकून पाहिले. आणि हसला! एवढा मोठा देह गदगदा हलू लागला. दस्तगीरला काहीतरी विचारले. दस्तगीर जमिनीकडे बघून म्हणाला, "काय न्हाई बाई. इचारतोय, घरात बारकी पोरगी शिवाय शिकतीया काय."

प्रश्नच निरर्थक. घरात बारकी पोरगी नाही हे दिसत होते. खरे म्हणजे त्याला ती हिरवी चौकडी गेलेली दिसली आणि तसे सांगवेना. भलामोठा माणूस कारणाशिवाय हसतो, तो पुढचे संकट लपवण्यासाठी. जाताना त्याने दारात उभ्या तानाच्या दिशेने हात वर करून आशीर्वाद दिला. का दिला? मी मागितला नव्हता.

ता. २० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी ताना दाराशी आली. आवाज अगदी बारीक. "बाई, काल सांजंपासनं हालंना झालंय."

टांगा बोलवायला हवा होता. मी पळत गेले. डॉक्टरीणबाईंना घेऊन आले तेव्हा कळले की वहाणा घरीच राहिल्या होत्या.

उजेड चांगला म्हणून तानाला दिवाणखान्यातच कोचावर निजवले. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली. इकडे लावली, तिकडे लावली. चिमणाबाईने पदर तोंडात धरला होता. मी बागेकडे पाठ करून उभी होते. पाठीवर नेमकी ती चौकडी जाणवत होती, कोणी बोट टेकवावे तशी. मनात एकच: मी या पोरीच्या आईला शब्द दिला आणि मग स्वतःच्या हाताने कात्री लावली. कोणी मागितले नव्हते. कोणी मागितले नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान ठोके आहेत. झोपलं होतं लबाड." आणि खरेच, त्याच क्षणी त्याने लाथ मारली. तानाला हसू आले, चिमणाबाई खाली बसली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुमचा हात बघू. नाडी कुठे पळते आहे एवढी?"

मी भ्याले असे कोणी म्हणेल. ती काळजी. भीती आणि काळजी यांतला फरक लॉजिकने सिद्ध करता येतो. आज डोके दुखते आहे.

ता. २२ नोव्हेंबर, शनिवार

शांतपणे विचार केला. पुराणवस्तू मूळ रूपात जतन करणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य आहे. मूळ रूपात चौकडी हिरवी होती. तेव्हा ती हिरवी करणे याचा दृष्टीबिष्टीशी काही संबंध नाही.

सुगराकडे गेले. तिने हिरव्या रेशमाची लड काढता काढता विचारले, "बाई, अवो परवा हिरवं काढून पिवळं न्हेलं, आज पिवळं काढून हिरवं? तुमच्या भिताडाला करमंना व्हय?" जतनाचे तत्त्व तिला सांगितले. ती म्हणाली, "व्हय, व्हय. माझी सासूबी लेकाच्या टोपीला उलटा टाका घालायची. जतनच ते."

दुपारभर बसले. पिवळे उसवताना खालचे कापड किंचित फाटले. मग थोडे पिवळे तसेच ठेवून त्यावरून हिरवे भरले. आता ती चौकडी म्हणता येणार नाही. जरा बेडकासारखी दिसते. रेशीम वाईट निघाले.

ता. २५ नोव्हेंबर, मंगळवार

अंबाबाईच्या देवळात गेले. दगडातले कोरीवकाम कित्येक वर्षांत नीट पाहिले नव्हते.

गाभाऱ्यासमोर उभी असता जुनी विद्यार्थिनी बनाबाई भेटली. आता चांगली संसारी झाली आहे. म्हणाली, "अगंबाई, बाई तुम्ही? मी परीक्षेआधी देवीला प्रदक्षिणा घातल्या म्हणून तुम्ही मला पट्टी मारली होती." मी म्हटले, कोरीवकाम बघते आहे. तिने अगदी नम्रपणे विचारले, "डोळे मिटून, बाई?"

शाळेतही ही उद्धटच होती.

ता. २७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाणखान्यात बसत नाही. व्हरांड्यात हवा चांगली असते. काल तोंड बागेकडे करून बसले तर ती बघते. पाठ केली तर जास्तच बघते. अर्थात सायन्सच्या दृष्टीने कापड बघू शकत नाही.

तानाचे पाय सुजले आहेत. दिवस भरत आले की सुजतातच, असे चिमणाबाई मला समजावत होती. वास्तविक मी तिला समजवायला गेले होते.

ता. २९ नोव्हेंबर, शनिवार

महिला मंडळाचा प्रोग्राम माझ्याकडे झाला. दिवाळीआधीच ठरला होता, टाळता येईना. माझे लेक्चर, 'भीतीचे मूळ अज्ञानात'. बायकांनी फुलकाऱ्यांची वाहवा केली. मी बागेच्या कोपऱ्यासमोर उभी राहून बोलले आणि शेवटपर्यंत जागची हलले नाही. वक्त्याने स्थिर असावे.

विषय रंगला होता. "भगिनींनो, मनुष्य एकदा शिकला की त्याला भिण्याचे कारणच उरत नाही," असे म्हणते तोच बागेच्या मागून पाल चुकचुकली.

माझ्या तोंडून "कृष्ण, कृष्ण" निघून गेले. तीन बोटांनी टेबलही वाजवले गेले.

मग बनाबाईने सतरंजीवर बोटे वाजवून "कृष्ण, कृष्ण" म्हटले आणि पाठोपाठ सगळ्याच बायकांनी. आभार मानताना अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आजच्या व्याख्यानाने फार धीर आला. बाईसुद्धा आपल्यासारख्याच आहेत म्हणायच्या."

ते उदाहरण म्हणून करून दाखवले होते. कोणाच्या लक्षात आले नाही. सभेत किती जणी शिकलेल्या असतात म्हणा.

पाल तानाच्या दिशेला चुकचुकली की उलट्या, हे मात्र आठवत नाही. आठवायला हवे.

ता. ५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ

तानाला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई पन्हाळ्याला गेल्या आहेत. संध्याकाळी येतील म्हणे. सुईण धोंडुबाई आली आहे. हात स्वच्छ धुवायला लावले. तिने धुतले. परत लावले. तिने परत धुतले. तिसऱ्या वेळी म्हणाली, "बाई, तुमी भाईर बसा. न्हाईतर मला दोघीस्नी संभाळाय लागंल."

दुपार

अजून नाही. आतून आवाज येतो. मग येत नाही. न येणारा जास्त वाईट.

नंतर

चिमणाबाई गरम पाणी न्यायला बाहेर आली तेव्हा तिचा हात धरला. सांगून टाकले. म्हटले, चिमणाबाई, हे माझ्यामुळे. ती चौकडी मी उसवली. परत भरली, पण ती पहिल्यासारखी झाली नाही. पोरीला काही झाले तर मी काय करू?

तिने हंडा खाली ठेवला. म्हणाली, "त्यासाठी म्हैनाभर वाळलात व्हय? अवो, तुमी पयल्यांदा पिवळी भरली न्हवं, तवाच माझा जीव भांड्यात पडला. असली खोट त्या पंजाबी बाईला जन्मात जमली न्हवती. आता तर काय, दिष्ट बघूनच पळंल."

मी विचारले, मग ते लिंबू? मिरची?

"ते तुमच्यासाठी. दांडा पडला त्या दिशी कसल्या किंचाळलात! ताना म्हनली, आये, बाईंस्नी कायतरी लागलंय, एकटं सोडू नगंस. मग काय करायचं? सुगराबी इचारून जाती, हाय का बाईंचं बरं." मग हंडा उचलून म्हणाली, "आता पानी तापवा दुसरं. आन् रडू नका, चूल इझंल."

रडत नव्हते. धूर होता.

चार वाजून गेल्यावर

मुलगी. रडली. मोठ्याने रडली. तानाही ठीक. धोंडुबाईने बाळ माझ्या हातात दिले आणि मागे उभी राहिली, मी ते पाडीन अशा धास्तीने. पाडले नाही.

हे सर्व उजेड आणि स्वच्छतेमुळे साध्य झाले, हे नमूद करून ठेवते.

ता. ९ डिसेंबर, मंगळवार

बाळाची पाचवी. बाळ उत्तम. गालाला काजळाचा ठिपका लावला आहे. मी हरकत घेतली नाही. रंगसंगतीच्या दृष्टीने तो बरा दिसतो.

दिवाणखान्याबद्दल निर्णय घेतला. बाग राहील. भीती अशी काही नव्हतीच, हे सिद्ध झाले. उद्यापासून पूर्ववत तिथेच बसणार.

संध्याकाळी चिमणाबाईने पाट मांडला आणि मला म्हणाली, "बसा. तानाची काढली, बाळाची काढली. तुमची ऱ्हायलीया." म्हटले, नॉन्सेन्स. आतून ताना म्हणाली, "बसा की वो बाई, माझ्यासाठी." ओल्या बाळंतिणीचे मन मोडू नये, असे वैद्यकशास्त्रच सांगते. बसले. चिमणाबाईने मीठमोहरी आणि लाल मिरच्या मुठीत धरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवल्या, पुटपुटली आणि सगळे शेगडीत टाकले.

मिरच्यांचा ठसका लागेल म्हणून मी पदर नाकाला लावला. सगळ्या वाट बघत होत्या. कोणी खोकले नाही. वासच आला नाही. शेगडीत मिरच्या मुकाट काळ्या झाल्या.

चिमणाबाईने गालावर हात मारला. "अगं बया! ठसकाच न्हाई! लई जबर दिष्ट व्हती बाई तुमास्नी!"

मिरच्या जुन्या असणार. शास्त्रीयदृष्ट्या दुसरे कारण नाही. उद्या बाजारातून ताज्या आणवून प्रयोग पुन्हा करावा. मी स्वतः निवडीन.

तोवर तानाच्या खोलीत झोपणार आहे. बाळाला सोबत हवी.